अप्रोच चार्ट : खिशातल्या वहीपासून जागतिक प्रमाणापर्यंत

विमानचालनाची बरीच परिभाषा समुद्रावरून आली. चार्ट, नॉट, नॉटिकल मैल हे शब्द खलाशांचे. वैमानिकांनी ते जसेच्या तसे उचलले. ढगांतून खाली येत धावपट्टी गाठण्याचा मार्ग दाखवणारा अप्रोच चार्ट मात्र विमानचालनाच्या स्वतःच्या गरजेतून जन्मला.

अमेरिकेत १९२०च्या दशकात टपाल नेणारे वैमानिक रस्त्यांचे नकाशे घेऊन, रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवून उडत. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवले आणि उतरवले. बाहेरचे काही दिसत नसतानाही उतरता येते, हे सिद्ध झाले. पण कोणत्या विमानतळावर कोणत्या दिशेने आणि किती उंचीवरून यायचे, याच्या नोंदी कुठेच एकत्र नव्हत्या.

त्या जमवायला टपालविमानांचे वैमानिक एल्रे जेपसेन यांनी सुरुवात केली. दहा सेंटांच्या वहीत ते धावपट्ट्यांची लांबी, आसपासचे डोंगर आणि उंच अडथळे, दिव्यांच्या जागा, एवढेच नव्हे तर हवामान सांगू शकणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन क्रमांकही लिहून ठेवत. उंची मोजण्यासाठी अल्टीमीटर घेऊन ते टेकड्या चढले. सहकारी प्रती मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी या नोंदी दहा डॉलरला विकायला काढल्या. वैमानिकांच्या बोलण्यात ‘जेप’ हा शब्द चार्टसाठी रूढ झाला तो त्यांच्याच नावावरून.

दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशींची विमाने एकमेकांच्या विमानतळांवर उतरू लागली आणि खुणा व संज्ञा सर्वत्र सारख्या असणे भाग पडले. १९४४च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. कराराचे चौथे परिशिष्ट वैमानिकी चार्टविषयी आहे. ते १९४८ मध्ये स्वीकारले गेले.

आजच्या चार्टवर साधारणपणे वरच्या भागात रेडिओ फ्रिक्वेन्सी, त्याखाली वरून दिसणारा मार्ग, मग उतरणीचा उभा छेद आणि तळाशी किमान मर्यादा असतात. त्यांतल्या डिसिजन अल्टिट्यूडपर्यंत, म्हणजे निर्णयाच्या उंचीपर्यंत, आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे. तो मार्ग म्हणजे मिस्ड अप्रोच. मिनिमम सेक्टर अल्टिट्यूड ही सुमारे २५ नॉटिकल मैलांच्या परिघात अडथळ्यांपासून किमान १,००० फूट अंतर राखणारी उंची असते.

अधिकृत चार्ट प्रत्येक देशाच्या एरोनॉटिकल इन्फर्मेशन पब्लिकेशनमध्ये, म्हणजे एआयपीमध्ये, विमानतळांच्या विभागात सापडतात. भारताचे एआयपी भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते. शोध चार अक्षरी संकेताने घेता येतो : मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी, दाबोळी व्हीओजीओ. महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रानुसार लागू होतात. म्हणून उड्डाणापूर्वी चार्टवरची तारीख तपासावी लागते.