जात्याला क्लिक ट्रॅक नसतो



मागच्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नाला गावी, बिलोलीला गेलो होतो. आजीने जात्यावर हळद दळताना ओव्या म्हटल्या, मी त्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. परतल्यावर डोक्यात किडा शिरला: लग्नाच्या व्हिडिओसाठी ओवीखाली ढोलकीचा लूप टाकायचा! लूप ९० च्या टेम्पोचा, म्हणजे दर ६६७ मिलिसेकंदांनी एक ठोका. आजी मात्र कधी पुढे, कधी मागे. म्हटलं, सोप्पंय, क्वांटाइझ करू. म्हणजे प्रत्येक आघात जवळच्या रेघेवर ओढून बसवायचा.

ही सोय आपल्याला आयती मिळाली आहे. पूर्वी टेप हळू फिरवली की सूरही खाली यायचा. १९६६ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी फेज व्होकोडर मांडला आणि सूर न हलवता वेळ ताणायची वाट सापडली. १९८० मध्ये रॉजर लिन यांचं एलएम-१ हे ड्रम मशीन आलं. ते चुकलेला ठोका आपोआप जागेवर बसवायचं. २००१ मध्ये एबलटन लाइव्ह आलं आणि रेकॉर्ड केलेला आवाज लॅपटॉपवर च्युइंगमसारखा ताणता येऊ लागला.

तर माझी ओवी झाली एकदम टकाटक. आजीला फोनवर ऐकवली.

"हे कोण म्हणतंय रे लेकरा?"

"तूच की गं."

"मी नाही. हिनं वैरण कुठं घातली?"

वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची मूठ. ती टाकताना एक हात खुंट्यावरून सुटतो, जातं जड होतं आणि ओवी किंचित रेंगाळते. मी जी चूक म्हणून पुसली, तो खरं तर दळणाचा लॉग होता!

मग शोधत बसलो. पुण्याचे गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६ च्या सुमारास बर्नार्ड बेल हे फ्रेंच इंजिनियर त्यांना येऊन मिळाले. गंमत बघा, याच माणसाने १९८० च्या दशकात जेम्स किपेन यांच्यासोबत तबल्याचे कायदे कॉम्प्युटरला शिकवणारा 'बोल प्रोसेसर' केला होता. म्हणजे लयीचं गणित त्यांना चांगलंच ठाऊक. ओव्यांसाठी मात्र त्यांनी डेटाबेस बांधला आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण उभं केलं. २०१७ पासून ते 'पारी'वर खुलं होत आहे, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. ऐकून बघा, लय गाणारीचीच आहे.

आणि मी? जागा हवी म्हणून मूळ फाइल कधीच उडवली होती. खांदा धरल्यापासून आजी जात्यावर बसत नाही, त्यामुळे पुन्हा रेकॉर्डिंग शक्य नव्हतं. नशिबाने बहिणीच्या फोनमध्ये कॉपी सापडली. आता ती दोन ठिकाणी ठेवली आहे, आजीचं नाव, गाव आणि तारीख लिहून.

व्हिडिओही नव्याने केला. या वेळी उलटं केलं: आजीच्या ओवीवरून टेम्पो मॅप काढला आणि ढोलकी तिच्यामागे चालवली. वैरण पडते तिथे ढोलकीही थांबते.

आजीने ऐकलं. म्हणाली, "हं, आता दळण होईल."