तृनावाचा गोलंदाज

पेशवाईच्या दप्तरांत ‘गोलंदाज’ हा शब्द आढळतो तो तोफखान्यावरील नोकराच्या अर्थाने. पुढे क्रिकेट आले आणि या शब्दाने तोफ टाकून चेंडू हाती घेतला. मध्य युरोपातील स्लोव्हाक भाषेतही असाच एक शब्द लष्करातून क्रीडांगणावर उतरलेला आहे. तोफ डागणाऱ्या शिपायाला ती भाषा ‘कानोनिएर’ म्हणते, आणि फुटबॉलचा खेळ त्या मुलखात रुजल्यावर, आघाडीवर राहून जो गडी प्रतिपक्षाच्या जाळ्यात गोलामागून गोल घालतो त्यालाही तिने तीच पदवी बहाल केली. या पदवीचे जे मानकरी झाले त्यांत योझेफ आदामेत्स याचे स्थान फार वरचे आहे. त्याची कारकीर्द सांगावयाची म्हणजे तृनावा या गावाची हकिकत सांगणे प्राप्त होते; कारण तो ज्या अमदानीत खेळला त्या अमदानीत खेळाडू हा गावाचा असे, कारखान्याचा असे, फौजेचा असे, आणि या सर्वांच्या दप्तरी नोंद होऊन काही उरलाच तर स्वतःचा असे.

तृनावा हे ब्रातिस्लाव्हाच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, सपाट व सुपीक प्रदेशात वसलेले जुने गाव. गावाच्या नावात ‘र’ हा स्वरासारखा उच्चारला जातो, आणि आपल्या ‘ऋ’काराची सवय असलेल्या वाचकाला तो उच्चार इंग्रजाइतका जड जाणार नाही. इतकेच नव्हे, तर ज्या काटेरी झुडपावरून हे नाव पडले त्याचा वाचक स्लाव्ह शब्द आणि आपले संस्कृत ‘तृण’ ही दोन्ही एकाच प्राचीन मुळाची अपत्ये मानली जातात. हंगेरियन लोक याच गावास ‘मोठा शनिवार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण येथे शनिवारचा बाजार भरे. पुण्याच्या पेठांची नावे ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. १२३८ साली हंगेरीचा राजा चौथा बेला याने गावाला स्वतंत्र राजनगराची सनद दिली. १५४३ साली तुर्कांच्या स्वारीमुळे एस्तरगोमच्या आर्चबिशपास आपले ठाणे येथे हलवावे लागले, आणि पुढली पावणेतीनशे वर्षे हंगेरीच्या कॅथलिक धर्मसत्तेचा कारभार येथूनच चालला. १६३५ साली कार्डिनल पाझमानी याने विद्यापीठ स्थापिले, ते १७७७ साली बुडा येथे हलविण्यात आले. देवळांच्या शिखरांची दाटी पाहून लोक या गावाला ‘छोटे रोम’ म्हणू लागले. गावाची मध्ययुगीन विटांची तटबंदी बरीचशी अद्याप उभी आहे, आणि फुटबॉलचे मैदान या तटाला खेटूनच आहे: एका बाजूला तट, तटापलीकडे चर्चचे मनोरे, आणि अलीकडे गवत.

या मैदानावरील मंडळाची स्थापना १९२३ साली दोन लहान मंडळांच्या एकीकरणातून झाली. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात खरी प्रतिष्ठा प्रागच्या संघांची होती. १९२५ साली तेथे पगारी खेळाडूंची लीग सुरू झाली, पण तिच्यात पहिल्या स्लोव्हाक संघाला, म्हणजे ब्रातिस्लाव्हाच्या संघाला, प्रवेश मिळण्यास १९३५ साल उजाडावे लागले. १९४८ नंतर साम्यवादी सरकारने धंदेवाईक खेळ कागदोपत्री रद्द केला आणि मंडळे निरनिराळ्या उद्योगांच्या व खात्यांच्या हवाली केली. नावेही त्याप्रमाणे पडली. ‘लोकोमोतीवा’ म्हटले की तो रेल्वेचा संघ, ‘बानिक’ म्हटले की खाणकामगारांचा, ‘दुक्ला’ म्हटले की फौजेचा. यंत्रे व धातूकाम यांच्या कारखान्यांकडे ‘स्पार्ताक’ हे नाव आले, आणि तृनावाचा संघ कोवोस्माल्ट कारखान्याच्या आश्रयाने स्पार्ताक तृनावा झाला. संघांच्या नावांची यादी वाचताना एखाद्या सचिवालयाच्या दारांवरील पाट्या वाचीत चालल्यासारखे वाटते. खेळाडू कारखान्याच्या पगारपत्रकावर कामगार म्हणून असावयाचा आणि दिवस मैदानावर घालवायचा. मुंबईतील रेल्वेच्या वा गिरण्यांच्या संघांतून खेळलेल्या आपल्या जुन्या खेळाडूंना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की तेथे मालक एकच होता, तो म्हणजे सरकार.

आदामेत्सचा जन्म २६ फेब्रुवारी १९४२ रोजी वृबोवे या गावी झाला. तृनावाच्या उत्तरेस असलेल्या या लहानशा गावाने त्याच्याआधीही एक नामांकित पुरुष जगाला दिला होता: मोरिस बेन्योव्स्की, जो १७४६ साली येथे जन्मला, रशियाच्या कैदेतून कामचाटकाहून निसटला, आणि मादागास्कर बेटाचा आपण अधिपती झालो असे सांगत फिरत फिरत तेथेच १७८६ साली फ्रेंचांच्या गोळीला बळी पडला. वृबोवेच्या मातीत काही तरी दूर फेकण्याचा गुण असावा असे म्हणण्याचा मोह होतो. पण आदामेत्सला फार दूर जाण्याची मुभाच नव्हती. तो तृनावात आला, अठरा-एकोणिसाव्या वर्षी पहिल्या संघात खेळू लागला, आणि लगेच त्या राजवटीतील प्रत्येक तरुणाप्रमाणे त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीचा हुकूम आला.

येथे त्या काळच्या फुटबॉलमधील एक खुबी ध्यानात घ्यावयास हवी. दुसऱ्या संघाचा चांगला खेळाडू पैसे मोजून घेण्याची सोय नसल्यामुळे, देशातील उत्तम खेळाडूंना बिनखर्चात गोळा करण्याचे सामर्थ्य एकाच मंडळाकडे होते, आणि ते म्हणजे प्रागचे दुक्ला. कारण वयात आलेला प्रत्येक खेळाडू दोन वर्षांसाठी फौजेच्या स्वाधीन होतच असे. साठच्या सुरुवातीस दुक्लाने लागोपाठ चार वेळा लीग जिंकली त्यामागे मासोपुस्तसारख्या खेळाडूंची प्रतिभा होती, हे खरेच. पण भरती कचेरीचा शिक्काही होता, हे विसरून चालणार नाही. आदामेत्स या दुक्लात दोन हंगाम खेळला आणि दोन्ही हंगामांत विजेत्या संघात होता.

त्याच सुमारास, १९६२ साली, चिलीतील विश्वचषक स्पर्धेसाठी वीस वर्षांच्या या पोराची निवड झाली. साखळीतील तिन्ही सामन्यांत तो खेळला. स्पेनला ज्या एका गोलाने हरविले तो तृनावाच्याच श्तिब्रान्यीचा होता; ब्राझीलशी सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि पेले जायबंदी झाला तो याच सामन्यात. पुढे संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, ब्राझीलकडून १-३ असा हरला, पण त्या सामन्याच्या वेळी आदामेत्स संघाबाहेर होता.

लष्करातून सुटल्यावर थोडा काळ ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हानमध्ये काढून तो तृनावास परतला. तेथे त्याची वाट पाहत असल्यासारखा एक माणूस होता, त्याचे नाव अंतोन मालातिन्स्की. हा तृनावाचाच जन्मलेला, तृनावाच्याच संघात खेळलेला आणि आता त्याच संघाचा शिक्षक. त्याच्या हाताखाली मध्यभागी शांत डोक्याचा लादिस्लाव कूना, मागे कारोल दोबिआश व व्लादिमीर हागारा, आणि पुढे आदामेत्स असा संघ आकारास आला, आणि त्यांतील बहुतेक गडी आसपासच्या गावांतले होते. १९६७ साली या संघाने देशाचा चषक आणि मध्य युरोपातील मित्रोपा चषक पटकावला. १९६८ साली प्रथमच लीग जिंकली. आदामेत्सने १९६७ च्या हंगामात २१ गोल केले आणि लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. पुढे १९६८, १९७० आणि १९७१ मध्येही तो मान त्याच्याकडेच आला, शेवटच्या खेपेस दुसऱ्या एकाबरोबर विभागून.

२३ जून १९६८ रोजी ब्रातिस्लाव्हात ब्राझीलचा संघ मित्रत्वाचा सामना खेळावयास उतरला. दुसरा एखादा खेळाडू अशा संघाविरुद्ध एक गोल केला तरी नातवंडांना सांगत बसेल. आदामेत्सने तीन केले, आणि सामना ३-२ असा चेकोस्लोव्हाकियाने जिंकला. दुबचेकच्या उदारमतवादी राजवटीचा तो उन्हाळा होता. दोन महिन्यांनी, २१ ऑगस्टच्या पहाटे, वॉर्सा करारातील राष्ट्रांचे रणगाडे देशात शिरलेले होते.

त्या आक्रमणाचे पडसाद युरोपीय चषकाच्या सोडतीतही उमटले. पश्चिमेकडील मंडळांनी आक्रमक देशांच्या संघांशी खेळण्यास हरकत घेतली. तेव्हा युरोपीय फुटबॉल संघटनेने पहिली फेरी नव्याने आखून पूर्व व पश्चिम वेगळे केले. त्याचा निषेध म्हणून सोव्हिएत रशिया, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया आणि पूर्व जर्मनी येथील संघ स्पर्धेतूनच बाहेर पडले. रुमानियाने आक्रमणात भाग घेतला नव्हता, म्हणून बुखारेस्टचा स्तेआवा राहिला. तोही फौजेचाच संघ. तृनावाची पहिली गाठ त्याच्याशीच पडली. बुखारेस्टला १-३ असा पराभव झाला, घरी ४-० असा विजय. पुढे फिनलंडच्या राइपास संघाला दोन सामन्यांत मिळून सोळा गोल घातले; हा प्रकार फुटबॉलपेक्षा कवायतीचाच म्हणावा. अथेन्सच्या एईकेला २-१ आणि १-१ असे मागे टाकून तटाच्या सावलीतले हे मंडळ युरोपच्या उपांत्य फेरीत येऊन उभे राहिले.

समोर आम्स्टरडॅमचा आयाक्स होता, आणि आयाक्समध्ये एकवीस वर्षांचा क्रॉइफ. १३ एप्रिल १९६९ रोजी आम्स्टरडॅमला आयाक्सने ३-० असा विजय मिळविला. परतीचा सामना २४ एप्रिलला होता. या अकरा दिवसांच्या मध्यभागी, १७ एप्रिलला, दुबचेकची पक्षाच्या प्रमुखपदावरून गच्छंती होऊन त्याच्या जागी हुसाक आला. दोघेही स्लोव्हाक, एकाबरोबर जे गेले आणि दुसऱ्याबरोबर जे येणार होते ते काय, हे तृनावाच्या प्रेक्षकांना कुणी सांगावयास नको होते. अशा आठवड्यात तीन गोलांचे ओझे घेऊन संघ आपल्या मैदानावर उतरला. मध्यंतरापूर्वी कूनाने एक गोल केला. मध्यंतरानंतर खेळ सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच त्यानेच दुसरा केला. बरोबरीसाठी आणखी एक पुरे होता आणि सामन्याचा जवळजवळ निम्मा वेळ शिल्लक होता. देशातला सर्वांत नामांकित गोलंदाज आघाडीवर होता. तो तिसरा गोल काही केल्या झाला नाही. आयाक्स अंतिम सामन्यात गेला व मिलानकडून १-४ हरला. माझ्या मते आदामेत्सच्या चरित्रातील सर्वांत बोलका आकडा ब्राझीलविरुद्धचे तीन गोल हा नसून हा न झालेला एक गोल आहे. कारण विजेतेपदे विसरलेले गावही असा गोल विसरत नाही. त्याच वर्षी २१ मे रोजी शेजारच्या स्लोव्हानने बासेलमध्ये बार्सेलोनाला ३-२ असे हरवून चषकविजेत्यांचा चषक नेला, त्यामुळे तृनावाच्या काळजातला काटा अधिकच रुतला असणार.

त्यानंतरची वर्षे वैभवाची होती, पण त्यांचा तपशील थोडक्यात आटपला तरी चालेल. १९६९, १९७१, १९७२, १९७३ अशी चार विजेतेपदे आणखी मिळाली. मध्यंतरी ऑस्ट्रियात जाऊन आलेला मालातिन्स्की शेवटच्या दोन खेपांना पुन्हा सूत्रधार होता. डिसेंबर १९६९ मध्ये मार्सेयला हंगेरीचा ४-१ असा पराभव करून देशाने मेक्सिकोच्या विश्वचषकात जागा मिळविली, त्यांतील एक गोल आदामेत्सचा. मेक्सिकोत मात्र तिन्ही सामने हरले, आणि परतल्यावर बुटांच्या एका परदेशी कंपनीकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणावरून संघातील अनेकांवर कारवाई झाली. ज्या खेळाडूंना धंदेवाईक म्हणावयाचे नाही असा सरकारी दंडक होता, त्यांनी धंदेवाइकासारखे पैसे घेतले हा गुन्हा; आणि ते वर्षभर कारखान्याच्या पगारपत्रकावर सही करून फुटबॉल खेळत होते ही मात्र रीत!

लीगमध्ये त्याचे १७० गोल झाले, राष्ट्रीय संघासाठी ४४ सामन्यांत १४. परदेशी जाण्याचा परवाना मिळे तो उतारवयात, सेवा रुजू झाल्यावर. आदामेत्सला तो मिळाला तेव्हा तो पस्तिशीला आला होता, आणि त्या परवान्यावर तो गेला कोठे, तर सरहद्दीपलीकडे हाकेच्या अंतरावर असलेल्या व्हिएन्नाला, तेथील चेक लोकांनी स्थापिलेल्या स्लोव्हान मंडळात. पुढल्या पिढीच्या रोबर्त वित्तेकने २००३ साली एकविसाव्या वर्षीच ब्रातिस्लाव्हा सोडून न्यूरेम्बर्ग गाठले, तेथून लील, तेथून तुर्कस्तान. आणि २०१० साली दक्षिण आफ्रिकेत, स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या पहिल्याच विश्वचषकात, जगज्जेत्या इटलीविरुद्ध दोन गोल करून ३-२ अशा विजयाचा तो मानकरी ठरला. वित्तेकच्या पायांवर कोणत्याही खात्याचा शिक्का नव्हता, आणि त्याला आपला म्हणणारी गावेही बहुधा तितकीच पातळ विखुरली गेली.

आदामेत्सने पुढे शिक्षकाचे काम केले. १९९९ ते २००१ या काळात स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचा तो प्रशिक्षक होता. तृनावाच्या मैदानाला मालातिन्स्कीचे नाव देण्यात आले, २०१५ साली ते नव्या स्वरूपात खुले झाले, तट मात्र जागच्या जागी राहिला. १९७३ नंतर लीगचे विजेतेपद तेथे आले ते थेट २०१८ च्या वसंतात, पंचेचाळीस वर्षांनी. ते आदामेत्सने पाहिले. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, तो निवर्तला.