विणकामाच्या सुया : क्रमांक व मापे

लोकरीच्या विणकामात टाके पेलणारी आणि टाक्यांचा आकार ठरवणारी साधने. सुईचे माप म्हणजे तिच्या दांड्याचा व्यास. सुई जाड असेल तर टाका मोठा व वीण सैल होते. बारीक असेल तर वीण घट्ट बसते. हा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात किंवा ब्रिटिश, अमेरिकी वा जपानी क्रमांकाने.

ब्रिटिश पद्धत : जुने ब्रिटिश क्रमांक तारेच्या गेजवरून आले. तार छिद्रांच्या पट्टीतून ओढून बारीक करीत. ओढण्याच्या फेऱ्या वाढत तसा क्रमांक वाढे. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे बारीक सुई : 14 क्रमांक 2 मिमी, 10 क्रमांक 3.25 मिमी, 8 क्रमांक 4 मिमी, 1 क्रमांक 7.5 मिमी. त्याहून जाड सुयांना 0, 00 व 000 असे क्रमांक असून 000 म्हणजे 10 मिमी. भारतात हीच पद्धत रुळली. स्वेटरची पट्टी 12 नंबरवर आणि अंग 10 नंबरवर विणायचे, हा इकडचा परिचित हिशोब याच पद्धतीचा आहे.

अमेरिकी पद्धत : येथे क्रम उलटा आहे. 0 क्रमांक 2 मिमी, 6 क्रमांक 4 मिमी, 8 क्रमांक 5 मिमी, 15 क्रमांक 10 मिमी.

जपानी पद्धत : 0 क्रमांक 2.1 मिमी असून पुढील प्रत्येक क्रमांकाला 0.3 मिमी वाढतात. 8 क्रमांक 4.5 मिमी होतो.

तुलना : 3.75 ते 6 मिमीच्या नेहमीच्या सुयांमध्ये ब्रिटिश व अमेरिकी क्रमांकांची बेरीज 14 येते. 4.5 मिमीची सुई दोन्हीकडे 7 क्रमांकाची आहे. मात्र ब्रिटिश 8 व अमेरिकी 8 यांत पुरा 1 मिमी फरक पडतो. 10 सेंमीत 22 टाके धरून 110 टाके घातले, तर रुंदी 50 सेंमी भरते. जाड सुईमुळे त्याच जागेत 18 टाके बसले, तर ती 61 सेंमी होते आणि स्वेटर अंगाला ढगळ पडतो.

म्हणून नमुना लिहिताना क्रमांकासोबत मिलिमीटरमधील व्यास व 10 सेंमीतील टाके द्यावेत. सुईवरचा आकडा पुसला असल्यास छिद्रांच्या मापपट्टीत ती घालून पाहावी. सुई तीच असली तरी प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो. त्यामुळे आधी लहान चौकोन विणून टाके मोजणे आवश्यक ठरते.