घनफुटाला सात पौंड

घर बदलायचं ठरलं की पॅकर्स-मूव्हर्सचा माणूस घर बघायला येतो. हॉल, किचन, बेडरूम फिरतो, कपाटं उघडतो, माळ्यावर काय आहे ते विचारतो आणि शेवटी एक आकडा सांगतो. तो आकडा येतो कुठून? आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर तो बदलला, तर करायचं काय?

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या दोन प्रश्नांवर आहे. त्यासाठी मी निवडलेला देश आहे अमेरिका. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवताना सांगितलेल्या या आकड्यावरून तिथे ऐंशीहून अधिक वर्षं नियम होत आले आहेत. आणि जिथे नियम होतात तिथे कागद मागे राहतात, म्हणजे आमच्यासारख्यांची सोय होते.

जागा मोजायची की वजन?

घरसामानाची एक खोड आहे. ते जागा भरपूर खातं, पण त्या मानाने जड नसतं. गाद्या, सोफे, खुर्च्या, रिकामी कपाटं. गाडी ओव्हरलोड व्हायच्या कितीतरी आधी ती भरलेली असते. म्हणून घोडागाड्यांच्या काळापासून या धंद्यातला माणूस घर बघतो ते जागेच्या हिशेबाने. लंडनमध्ये मॉटकोम्ब स्ट्रीटवर 'पँटेक्निकॉन' नावाची फर्निचर ठेवायची भलीमोठी इमारत होती. १८७४ साली ती जळाली. पण तिच्या उंच, चौकोनी, बंद गाड्यांचं नाव इंग्रजीत घरसामानाच्या कुठल्याही गाडीला चिकटलं ते चिकटलंच. गाडीचा तो आकारच सांगतो की प्रश्न किती किलोचा नसून किती मावेल याचा होता.

अमेरिकेत मात्र लांबच्या प्रवासाचं बिल वजनावर आकारायची पद्धत रुजली. त्यामागे कारण होतं. एकाच लांबलचक ट्रेलरमध्ये तीन-चार कुटुंबांचं सामान एकामागे एक रचलेलं असतं. त्यात तुमच्या सामानाने किती जागा घेतली हे ते रचणाऱ्याच्या हातावर अवलंबून. सैल रचलं तर जागा जास्त, बिल जास्त, आणि तुम्हाला ते तपासायची सोय नाही. वजनकाटा मात्र तिसऱ्याचा असतो आणि त्याची छापील पावती मिळते.

आता अडचण बघा. घर बघायला आलेला माणूस सोफा उचलून काट्यावर ठेवू शकत नाही. त्याला दिसतो तो फक्त आकार. म्हणून त्याच्या हातात एक छापील तक्ता असतो. प्रत्येक वस्तूसमोर तिचे ठरलेले घनफूट. तो खोलीमागून खोली नग मोजतो, घनफुटांची बेरीज करतो आणि तिला सातने गुणतो. १,००० घनफूट सामान म्हणजे ७,००० पौंड. हा सातचा आकडा नियमांतही होता: जवळपास योग्य काटा नसेल तर नीट भरलेल्या गाडीतल्या दर घनफुटाला ७ पौंड धरून वजन ठरवावं. आपल्या मापात हे घनमीटरला साधारण ११२ किलो होतं. म्हणजे सरासरी संसार पाण्याच्या नवव्या हिश्श्याइतका जड!

पण सरासरी ती सरासरीच. पुस्तकांचं खोकं दीड घनफुटाचं असतं. सातच्या हिशेबाने ते साडेदहा पौंड भरायला हवं, प्रत्यक्षात ते सहज चाळीस पौंड भरतं. न्यू जर्सीतून टेक्सासला निघालेल्या एखाद्या मराठी घरात वेट ग्राइंडर, पितळेची पातेली आणि हौसेने नेलेला पाटा-वरवंटा असेल, तर तक्ता तिथेच हरतो. म्हणून चांगला अंदाजकर्ता तक्त्यावर विसंबत नाही. पुस्तकांची शेल्फं किती, गॅरेजमध्ये अवजारं किती, पोटमाळ्यावर काय, हे तो आवर्जून बघतो. यातलं काय येणार आणि काय इथेच राहणार, हे एकेक करून विचारतो. जिने किती, लिफ्ट आहे का, मोठा ट्रेलर दारापर्यंत येईल की मध्ये छोटी गाडी लावावी लागेल, हेही टिपून घेतो. या कामांचे पैसे वेगळे असतात.

शब्द पाळणं बेकायदा होतं तेव्हा

इथवर हा मोजमापाचा प्रश्न वाटतो. पण मला यातला कायदा जास्त विलक्षण वाटतो.

अमेरिकेत आंतरराज्य व्यापार आयोग १८८७ साली स्थापन झाला, तो रेल्वे कंपन्यांना वेसण घालायला. बड्या गिऱ्हाइकाला गुपचूप सवलत आणि छोट्या शेतकऱ्याला पूर्ण दर, हा प्रकार थांबवायचा होता. उपाय असा की कंपनीने दरपत्रक आयोगाकडे दाखल करायचं आणि त्याहून एक सेंट कमी नाही, एक सेंट जास्त नाही. मग कंपनीच्या माणसाने चुकून कमी दर सांगितला तर? १९१५ सालच्या मॅक्सवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. एका प्रवाशाला नॅशव्हिल ते सॉल्ट लेक सिटी अशी दोन परतीची तिकिटं चुकीने स्वस्तात विकली गेली होती. रेल्वेने उरलेल्या ५८ डॉलर ३० सेंटसाठी त्याच्यावर दावा लावला आणि तो जिंकला. सांगितलेला दर चुकीचा होता, ही सबब चालणार नाही. दाखल केलेला दर तोच खरा.

१९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने ट्रकवाले याच आयोगाखाली आले आणि १९३९ मध्ये आयोगाने घरसामान वाहणाऱ्यांसाठी खास नियम घातले. तत्त्व मात्र रेल्वेचंच राहिलं. त्याचा परिणाम असा की घर बघून दिलेला अंदाज कायद्याच्या दृष्टीने निव्वळ अंदाजच असायचा. खरं बिल म्हणजे काट्यावरचं वजन गुणिले दाखल दर. कंपनीने मनापासून ठरवलं की 'आम्ही सांगितलं तेवढेच घेऊ', तरी ते करता येत नव्हतं, कारण ती बेकायदा सवलत ठरली असती!

हेतू चांगला होता, पण गिऱ्हाइकाची पंचाईत झाली. अंदाज बांधील नाही म्हटल्यावर तो जाणूनबुजून कमी सांगण्याचा मोह वाढला. जो सर्वात कमी सांगेल त्याला काम मिळणार आणि फरक कळणार तो दुसऱ्या टोकाला, सामान ट्रकमध्ये असताना. पैसे भरल्याशिवाय दार उघडणार नाही. मुलांचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, औषधं, कागदपत्रं, सगळं आत.

नियम वाचले की युक्त्या कळतात

वजन हाच पुरावा ठरला, तशा वजनाच्याही युक्त्या निघाल्या. जुन्या फसवणुकीचा शोध घेताना मला एक गोष्ट फार उपयोगी पडते: नियम उलटे वाचायचे. नियम म्हणतो की रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक, दोन्ही वेळा वजन करताना गाडीत एकही माणूस नको. म्हणजे कोणीतरी माणसं बसवून वजन केलं असणार. दोन वजनांच्या मध्ये इंधन भरायचं नाही, नाहीतर दोन्ही वेळा टाकी पूर्ण भरलेली हवी. म्हणजे तुमच्या सामानाच्या वजनात डिझेल मोजलं गेलं असणार. गोधड्या, ढकलगाड्या, फळ्या रिकाम्या वजनाच्या वेळीही गाडीत हव्यात. हेही त्यातलंच. गिऱ्हाइकाला वजन डोळ्यांनी बघायचा आणि पुन्हा करून मागायचा हक्क आहे, तोही उगाच दिलेला नाही. १९८० च्या कायद्याने वजन खोटं फुगवण्याला वेगळा गुन्हाच ठरवलं.

त्याच १९८० च्या कायद्याने दुसरी, माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट केली. बांधील अंदाज देण्याची मुभा दिली. जवळपास अर्ध्या शतकानंतर कंपनीला दिलेला शब्द कायदेशीरपणे पाळता येऊ लागला.

आता तिथे अंदाजाचे मुख्य प्रकार दोन. बांधील अंदाज असेल तर वजन वाढलं तरी बिल तेवढंच. अबांधील असेल तर बिल प्रत्यक्ष वजनावर, पण सामान सोडवायला अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त रक्कम दारात मागता येत नाही. ४,००० डॉलरचा अंदाज असेल तर ४,४०० दिले की सामान उतरलंच पाहिजे, उरलेल्या बिलाचं तीस दिवसांनंतर बघू. (मागाहून वाढवलेल्या कामांचे पैसे वेगळे.) आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: सामान अंदाजापेक्षा जास्त दिसलं, तर नव्या अंदाजावर सह्या व्हायला हव्यात त्या भरायला लागण्यापूर्वी. नवा कागद न करता सामान भरलं, तर कंपनीने जुनाच अंदाज मान्य केला असं धरलं जातं.

२००५ मध्ये सामान ओलीस ठेवण्यावर किमान १०,००० डॉलरचा दंड आला. त्याच कायद्याने कंपनीच्या एजंटपासून ५० मैलांच्या आतलं घर प्रत्यक्ष बघणं सक्तीचं झालं, अर्थात गिऱ्हाइकाने लेखी सूट दिली नसेल तर. २०२२ मध्ये ही अंतराची अट निघाली आणि व्हिडिओवरून घर बघणंही चालू लागलं.

मग निष्कर्ष काय?

या सगळ्या काळात मोजण्याची रीत फारशी बदलली नाही. तक्ता तोच, बेरीज तीच, गुणाकार सातचाच. बदलली ती आकडा पक्का होण्याची वेळ. आधी तो सामान चढल्यावर ठरायचा, हळूहळू तो चढण्याआधी ठरू लागला. सामान घरात असेपर्यंत गिऱ्हाईक 'नको' म्हणू शकतं. एकदा ते ट्रकमध्ये गेलं की ते बळ संपतं. आणि अंदाज चुकल्याचा भुर्दंड कंपनीवर पडतो म्हटल्यावर तिचा माणूस पोटमाळ्यावर चढून बघतोच. माझ्या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे: अंदाज किती अचूक निघतो, हे तो चुकल्यावर कोणाच्या खिशाला चाट बसते यावर ठरतं.

आपल्याकडे १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा जाऊन २००७ चा आला. त्याचा भर नोंदणी, मालाची पावती आणि नुकसानीची जबाबदारी यांवर आहे. घर बघून दिलेल्या आकड्याचा हिशेब मात्र अजून 'टूबीएचके ना, मग चौदा फुटी गाडी लागेल' अशा बोलण्यावरच पुष्कळदा चालतो. तेव्हा कोणी फोनवरच दर सांगत असेल तर त्याला घर दाखवा. नगांची यादी लिहून घ्या, मजला आणि लिफ्ट त्यात येऊ द्या, सामान वाढलं तर काय दराने ते आधीच ठरवा आणि खाली सही घ्या. हे सगळं पहिलं खोकं उचलण्याआधी.

पुढच्या लेखात वजनकाट्याच्या पावतीबद्दल. त्या चिटोऱ्याचाही इतिहास मोठा गमतीचा आहे.