पैशाची पुडी, औषधाची बाटली आणि शिपायाची बदली

दख्खनमधील जुन्या मुस्लिम घरांत प्रवासाला निघताना ट्रंकेत काही वस्तू ठरलेल्या असत. जाजम, लोटा, सुरमादाणी आणि लाल रंगाच्या तेलकट औषधाची एक छोटी बाटली. डोके दुखले की कपाळाला चोळायचे, सर्दी झाली की रुमालावर टाकून हुंगायचे, पोट बिघडले की थेंब मोजून घ्यायचे. या बाटलीची नोंद कोणत्याही इतिहासग्रंथात सहसा सापडत नाही. लढाया, तह, वजिरांच्या नेमणुका यांना पाने मिळतात; तापाने फणफणलेल्या माणसाने त्या रात्री काय घेतले, ते त्याला कोठून मिळाले आणि त्यासाठी किती पैसे मोजावे लागले, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. काळ साधारणपणे १८९० ते १९४५ असा घेतला असून केंद्रस्थानी हैदराबाद-सिकंदराबाद आणि त्याला रेल्वेने जोडलेला मराठवाडा आहे.

छावणी, रेल्वे आणि ताप

सिकंदराबादची छावणी १८०६ साली वसली. तिसरे निजाम सिकंदरजाह यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कॉन्टिन्जंटची ठाणी बोलारमबरोबरच औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथेही होती. १८७४ मध्ये वाडी-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-औरंगाबाद-नांदेड मार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे धावू लागली. त्यामुळे मराठवाड्यातील मराठी व उर्दू बोलणारा तरुण शिपाई, शिपायाचा नोकर, रेल्वेचा खलाशी किंवा मुनशी म्हणून गाव सोडून दूर जाऊ लागला. १९०३ मध्ये कॉन्टिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाली, तेव्हा या बदल्यांचा परीघ आणखी वाढला.

माणूस जेथे जाई तेथे तापही त्याच्याबरोबर जाई. हिवतापाचे कोडे सुटले तेही याच छावणीच्या परिसरात. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला बेगमपेठ भागात डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चाववून घेतले होते आणि प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळत होता. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाच्या पदरी मोजके आणे पडले. गरीब माणसाच्या शरीराची आणि आण्याची ही सांगड या काळाच्या वैद्यकीय इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

बदलीची गंमत अशी की शोधानंतर लगेचच, सप्टेंबर १८९७ मध्ये, रॉस यांना राजपुतान्यातील खेरवाडा येथे पाठवण्यात आले. तेथे हिवतापाचे रुग्ण पुरेसे मिळेनात आणि काम खोळंबले. लष्करी बदलीचा हुकूम शास्त्रज्ञालाही चुकत नसे. शिपायाची गोष्टच वेगळी.

पैशाची पुडी

हिवतापावर त्या काळी एकच खात्रीचे औषध होते, ते म्हणजे क्विनाइन. मराठीत त्याला ‘कोयनेल’ म्हणत, उर्दूत ‘कुनैन’. दोन्ही शब्द एकाच विलायती शब्दाची रूपे आहेत. बाजारात आणि बराकीत वस्तू आधी येते आणि तिचे नाव प्रत्येकजण आपल्या जिभेला सोयीचे करून घेतो, याचे हे चांगले उदाहरण होय. सिंकोना झाडाच्या सालीपासून हे औषध निघते. इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात निलगिरी आणि दार्जिलिंग भागात सिंकोनाच्या बागा लावल्या.

१८९२ साली बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला एक अशा कोयनेलच्या पुड्या विकण्यास सुरुवात झाली. पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. या योजनेत एक व्यावहारिक शहाणपण होते. गावात दवाखाना नव्हता, पण टपाल होते. १८८० पासून मनीऑर्डरची सोयही टपालखात्याकडे आली होती. म्हणजे परगावी असलेल्या शिपायाने घरी पाठवलेले रुपये ज्या खिडकीतून मिळत, त्याच खिडकीतून तापाची पुडीही मिळू लागली. सरकारच्या दृष्टीने हा स्वस्त उपाय होता. त्याचबरोबर ती एक अप्रत्यक्ष कबुलीही होती: डॉक्टर आम्ही देऊ शकत नाही, पुडी विकत घ्या.

शिपायाला मात्र कोयनेल विकत घ्यावे लागत नसे. हिवतापाच्या मुलखात ते त्याला हुकमाने, रांगेत उभे करून दिले जाई. तोच शिपाई रजेवर गावी आला की त्याच्या भावाला, बायकोला आणि मुलाला तेच औषध पैसा मोजून घ्यावे लागे. एकाच घरातील दोन माणसांच्या तापाची राज्याच्या लेखी किंमत वेगळी होती. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

औषधाची बाटली

या पोकळीतच तयार औषधांचा व्यापार वाढला. १८९३ साली कासीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत ‘अमृतांजन’ मलम काढले. त्याची सुरुवातीची किंमत दहा आणे होती. भारतीय शिपायाचा पगार १९१४ मध्ये महिना ११ रुपये होता, म्हणजे दिवसाला सहा आण्यांहूनही कमी. त्या काळच्या पगाराशी ताडून पाहिले तरी दहा आण्यांची डबी ही दीड दिवसाहून अधिक कमाईची वस्तू ठरते. ती रोज चोळण्याची गोष्ट नव्हती, जपून वापरण्याची होती. नागेश्वररावांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू नियतकालिक सुरू केले आणि १९१४ मध्ये आपला व्याप मद्रासला हलवला. मलमाच्या नफ्यावर वृत्तपत्र चालावे, ही घटना आपल्या पत्रकारितेच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

हैदराबादेत १९२० साली हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी ‘जिंदा तिलिस्मात’ तयार केले. निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचे आणि ओव्याचे सत्त्व ही त्यातील ओळखीची द्रव्ये. लाल रंग रतनजोतीचा. ‘तिलिस्म’ हा शब्द अरबी-फारसीमार्फत उर्दूत आला असून त्याचे मूळ ग्रीक आहे. मंत्रभारलेली वस्तू वा जादू असा त्याचा अर्थ आहे. दास्तान ऐकणाऱ्या श्रोत्यांना तो परिचित होता. ‘जिंदा तिलिस्मात’ म्हणजे जिवंत जादू. ‘अमृत’ आणि ‘तिलिस्म’ या दोन नावांच्या संस्कृती वेगळ्या आहेत, वचन मात्र एकच आहे.

बाटलीवरील चित्र तर आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिकच बोलके आहे. त्यावर एक हबशी वीर आहे. निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाच्या स्वारांचे पथक होते, हैदराबादेतील ‘ए. सी. गार्ड्स’ या वस्तीचे नाव त्यावरूनच पडले. आजारी माणसाला विकावयाच्या औषधावर शिपायाचे चित्र घालण्यात त्या समाजाची धारणा दिसते. धडधाकट देह म्हणजे शिपायाचा देह, आणि शिपायाच्या देहाची निगा सरकार ठेवते, हे ग्राहकाला ठाऊक होते. बाकीच्यांना त्या देहाचे चित्र विकत मिळत होते.

काळही लक्षात घ्यावा. १९१८ च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरावर उतरलेल्या फौजांबरोबर इन्फ्लुएन्झाची साथ देशात शिरली आणि तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. निजामाचे लान्सर याच महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. साथीच्या आठवणी ताज्या असताना सर्दी-खोकल्याच्या औषधाला गिऱ्हाईक मिळणे स्वाभाविक होते. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. असे तेल किंवा मलम नाक मोकळे करते, कपाळ हलके करते, झोप लागू देते. हिवताप ते बरा करीत नाही. आराम आणि इलाज यांतील अंतर ज्याच्याजवळ डॉक्टर नाही त्याला कळणे कठीण असते, आणि त्याची किंमत कधीकधी जिवाने मोजावी लागते.

मंदीचे दिवस

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. मराठवाडा हा कापसाचा मुलूख. सारा आणि सावकाराचे व्याज रोखीत, ठरलेल्या आकड्यात द्यायचे आणि कापूस निम्म्या भावाने विकायचा, अशी कोंडी झाली. घरातले सोने मोडीत निघाले. १९३१ च्या अखेरीस केंद्र सरकारने आपल्या नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली.

अशा दिवसांत ठरावीक रोख पगाराची शिपाईगिरी मोलाची ठरली. भाव घसरले की त्याच रुपयांत घरी अधिक धान्य येई. म्हणून बदली कितीही दूरची असो, मनीऑर्डर येत राहावी अशीच घराची इच्छा असे. दुसरीकडे, हातात पैसा नसलेला माणूस डॉक्टरकडे जाणे टाळतो आणि स्वस्त बाटलीवर भागवतो. या गरजेचा गैरफायदा घेणारेही होते. बाजारात कमी ताकदीची आणि भेसळीची औषधे खपत होती, त्यांत कोयनेलही होते.

या प्रश्नाला वाचा फोडणाऱ्यांत पुण्याचे सर हारून जाफर होते, हे आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. मार्च १९२७ मध्ये त्यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या अनिर्बंध विक्रीवर नियंत्रण आणि दर्जा ठरवण्याविषयी ठराव मांडला. १९३० मध्ये लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. चोप्रा स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे लष्करी परंपरेतले डॉक्टर होते. कायदा मात्र १९४० साली झाला. मंदीची सगळी वर्षे ग्राहक कायद्याच्या संरक्षणाशिवायच राहिला.

युद्ध आणि कोयनेलचा तुटवडा

मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतला. जगातील कोयनेलचा फार मोठा हिस्सा तेथील सिंकोनाच्या बागांतून येत असे. तो पुरवठा एका फटक्यात तुटला. उरलेला साठा साहजिकच सैन्याकडे वळला. तरीही १९४३ साली ब्रह्मदेश आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते, असे जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. कोयनेलऐवजी मेपाक्रिनच्या गोळ्या आल्या. त्यांनी कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी अफवा बराकींत पसरली होती. गोळ्या खरोखर गिळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी स्लिम यांनी अचानक तपासण्या लावल्या आणि हयगय करणाऱ्या तीन पलटणप्रमुखांना काढून टाकले. हिवताप आटोक्यात आला. बेळगाव केंद्राच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान १९४४ मध्ये सांगशाकला लढले. हैदराबाद कॉन्टिन्जंटचा वारसा सांगणारी १९ वी हैदराबाद रेजिमेंट आराकानात होती. या जवानांच्या लढण्यामागे त्या पिवळ्या गोळीचाही वाटा होता.

त्याच वेळी आघाडीच्या पाठीमागे, बंगालमध्ये, काय घडत होते? १९४३ च्या दुष्काळात भुकेने खंगलेल्या माणसांवर हिवतापाने घाला घातला. दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. यांतील फार मोठा वाटा रोगांचा, विशेषतः हिवतापाचा होता. ज्या प्रांतात १८९२ साली टपालाच्या खिडकीत पैशाची पुडी मिळू लागली, त्याच प्रांतात पन्नास वर्षांनी ती माणसांना मिळेनाशी झाली. शिपायाच्या आणि रयतेच्या तापात राज्याने केलेला भेद येथे सर्वांत क्रूर रूपात समोर आला.

समारोप

येथे सैनिकाला औषध मिळाले याबद्दल तक्रार नाही; ते मिळायलाच हवे होते. प्रश्न असा आहे की शिस्त, पुरवठा आणि जबाबदारी असेल तर हिवताप आटोक्यात येतो हे लष्कराने सिद्ध केले असतानाही नागरी समाजाला ती व्यवस्था दिली गेली नाही. लाल बाटली आणि पिवळी डबी यांवरील लोकांचा विश्वास म्हणजे निव्वळ अज्ञान, असे म्हणून चालणार नाही. जवळ दवाखाना नव्हता, औषधाची हमी नव्हती आणि खिशात थोडेच आणे होते. त्या परिस्थितीतील तो एक हिशेबी निर्णय होता. या बाटल्या आजही दुकानांत मिळतात आणि अनेक घरांत जिव्हाळ्याने ठेवल्या जातात. त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणूनही पाहता येईल.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अभिलेखागारापर्यंत नेणे नेहमी शक्य होत नाही. पण प्रत्येकाच्या घरात कोणी तरी फौजेत, रेल्वेत किंवा परगावी नोकरीत गेलेले असते. आजी-आजोबांना एवढे जरी विचारले की बदलीच्या गावी निघताना ट्रंकेत कोणते औषध होते, ते केवढ्याला घेतले होते आणि ताप आला तेव्हा घरी राहिलेल्यांनी काय केले, तरी मंदी, युद्ध आणि सार्वजनिक आरोग्य हे तीन धडे एका उत्तरात समोर येतील. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत ती उत्तरे लिहून घेतली जावीत, इतकीच सहकारी अध्यापकांना विनंती आहे.