सीमाभागातील कर्करोग : तोंड आणि गर्भाशयमुखाची वेळेवर तपासणी

गोव्यातील बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांत उत्तर कर्नाटकातील माणसे मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या प्रदेशातील कलबुर्गी आणि बिदर हे जिल्हे १९५६ साली हैदराबाद राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाजी हा या मुलखाचा आहार. त्यात नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. घात होतो तो जेवणानंतर तोंडात टाकल्या जाणाऱ्या वस्तूने.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार गोव्यात ९.७ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. कर्नाटकात हे प्रमाण २२.८ टक्के, तर महाराष्ट्रात २६.६ टक्के होते. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी घातली. तेव्हापासून पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत आणि मिसळण्याचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर, अशी पळवाट निघाली. तंबाखूविना नुसती सुपारी निरुपद्रवी असते, हा समजही चुकीचा आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. स्त्रिया दातांना लावतात ती मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच.

तोंडाचा कर्करोग बहुधा पूर्वसूचना देऊन येतो. सुपारी खाणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठर होऊ लागते. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला अचानक तिखट सोसेनासे होते, आणि घरचे त्याला वयाचा परिणाम समजतात. पुढे तोंड पुरते उघडत नाही. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गळ्यातील गाठ ही अन्य लक्षणे. व्रण दुखत नाही म्हणून थांबणे सर्वांत घातक. सुरुवातीला तो सहसा दुखतच नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केवळ तोंडे तपासली. तंबाखू व मद्य घेणाऱ्यांतील या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्त्रियांच्या बाबतीत पुरावा तर या जिल्ह्यांच्या वेशीवरचाच आहे. बसवकल्याण आणि आळंदला लागून असलेला उमरगा तालुका ज्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात येतो, तेथे १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीची चाचणी एका गटात एकदाच करण्यात आली. आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर राहिलेल्या, साधारण तेवढ्याच संख्येच्या गटात ६४. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली आणि ती गैर म्हणता येणार नाही. परंतु आयुष्यात एकदा केलेली चाचणीही किती जीव वाचवते, हे जगाला दिसले ते याच मातीत.

तिशीनंतर प्रत्येकाची तोंडाची, तसेच स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी हा आता राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. तिची सुरुवात गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढच्या उपचारांसाठी बंगळुरूच्या किदवाई संस्थेचे केंद्र कलबुर्गीतच आहे. सीमाभागातील माणूस मात्र भाषेच्या ओढीने अनेकदा सोलापूर-बार्शीकडे वळतो. त्यात वावगे काही नाही. मात्र दूरच्या मोठ्या दवाखान्याच्या विचारात जवळच्या उपकेंद्रातील पहिली तपासणी लांबू नये. मुलींना नऊ ते चौदा या वयात एचपीव्ही लस देता येते. पुण्याच्या सीरम संस्थेची लस २०२३ पासून उपलब्ध आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टळत नाही.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. गावापासून दूर गोव्यात राहणारेही तो फिरवू शकतात.