त्रिज्येतले ‘त्रि’ म्हणजे तीन काय?

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आला होता. ‘त्रिज्या’ या शब्दातले ‘त्रि’ म्हणजे तीन काय? केंद्रापासून परिघापर्यंत जाणारी रेषा तर एकच असते. चिठ्ठी वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पंचवीसएक वर्षांपूर्वी वर्गात एका मुलीने मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी ठोकून दिलं होतं की, केंद्र, परीघ आणि त्यांना जोडणारी रेषा अशा तीन गोष्टी, म्हणून त्रिज्या. मुलगी खाली बसली, पण तिला ते पटलं नव्हतं. ते उत्तर साफ चूक होतं. आज ते दुरुस्त करू.

आधी ‘रेडिअस’कडे बघू, कारण तो शब्द सरळ आहे आणि त्याच्या शेजारी ठेवल्यावर आपला शब्द किती वेगळा आहे ते कळतं. लॅटिनमध्ये रेडिअस म्हणजे काठी, दांडी. चाकाचा आरा हाही रेडिअस, आणि सूर्याचा किरणसुद्धा. विणकराच्या धोट्यालाही हाच शब्द. भूमितीवाले ज्या काठीने धुळीत आकृत्या काढत, तीही रेडिअसच. सिसेरो आर्किमिडीजची ओळख करून देतो ती धूळ आणि ही काठी यांच्यावरून. आपल्याकडे मुलं धुळाक्षरं गिरवायची, तशी तिकडे भूमिती धुळीत चालायची.

आता हाताचं हाड घ्या. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत येणारं हाड म्हणजे रेडिअस. अनेक ठिकाणी सांगतात की, ते वर्तुळाच्या त्रिज्येसारखं फिरतं म्हणून हे नाव. कालक्रम बघितला की हे पटत नाही. पहिल्या शतकात सेल्सस नावाचा रोमन लेखक या हाडाला रेडिअस म्हणतो आणि ग्रीक लोक त्याला ‘केर्किस’ म्हणतात असंही नोंदवतो. केर्किस म्हणजे विणकराची काडी, धोटा. म्हणजे हाडाचं नाव मागावरून आलं, वर्तुळावरून नव्हे.

मग वर्तुळातला रेडिअस? गंमत अशी की, युक्लिडकडे या रेषेला स्वतंत्र नावच नाही. तो नुसतं ‘केंद्रातून निघालेली’ असं म्हणतो. सिसेरोने प्लेटोचा ‘तिमायस’ लॅटिनमध्ये आणताना एके ठिकाणी रेडिअस वापरला, पण नंतरची कितीतरी शतकं युरोपातले गणिती ‘अर्धा व्यास’ या अर्थाच्या शब्दावरच भागवत होते. १५६९ साली पेत्रुस रामुस या फ्रेंच विद्वानाच्या ग्रंथात रेडिअस भेटतो, आणि पुढे तो रूढ होत गेला. प्रतिमा चाकाची. तुंब्यातून निघून पुठ्ठ्यापर्यंत जाणारा आरा. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला वेगळं समजावायला नको.

आता आपली त्रिज्या. इथे चाक विसरा, धनुष्य डोळ्यांपुढे आणा. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, म्हणजे धनुष्य. त्याची दोन टोकं जोडणारी दोरी म्हणजे ज्या, किंवा जीवा. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंत जातो तो शर, बाण. आर्यभटाला ग्रहांच्या गणितासाठी अर्धी दोरी सोयीची होती, म्हणून अर्धज्या. पुढे ‘अर्ध’ गळलं आणि अर्ध्या दोरीलाच ज्या म्हणू लागले.

ही ज्या कोनाबरोबर वाढते. आकाशाच्या वर्तुळाचे बारा भाग, प्रत्येक तीस अंशांचा. त्या राशी. एका राशीची ज्या, दोन राशींची ज्या, तीन राशींची ज्या. तीन राशी म्हणजे नव्वद अंश, काटकोन. तिथे अर्धी दोरी वाढत वाढत थेट केंद्राला येऊन टेकते आणि केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेषेएवढी होते. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या. ‘त्रिभज्या’ असंही रूप जुन्या ग्रंथांत येतं. ‘भ’ म्हणजे राशी. सगळा उलगडा एवढाच.

बघा, हे नाव रेषेचं वर्णन करतच नाही. रेषेसाठी आर्यभटाकडे सरळ शब्द होता, विष्कंभार्ध, म्हणजे अर्धा व्यास. त्रिज्या हे ज्यांच्या कोष्टकातल्या शेवटच्या ओळीचं नाव आहे, आणि तेच पुढे रेषेला चिकटलं.

ते कोष्टक थोडं बघू. आर्यभटीय इसवी सन ४९९ चं. परिघाचे ३६० अंश, प्रत्येकाच्या ६० कला, एकूण २१,६०० कला. आता विचारायचं, परीघ २१,६०० असेल तर अर्धा व्यास किती? आर्यभटाचं परीघ-व्यासाचं गुणोत्तर ३.१४१६. उत्तर येतं ३,४३८, अगदी थोडं कमी. म्हणजे कंस आणि सरळ रेषा दोन्ही एकाच मापात, कलांत. त्याचा फायदा पहिल्याच ओळीत दिसतो: २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५ च. कंस लहान असला की दोरी आणि धनुष्य जवळजवळ एकच. तीस अंशांची ज्या १,७१९, बरोबर निम्मी. चोविसावी ओळ ३,४३८. केरळच्या माधवाने पुढे हीच त्रिज्या ३,४३७ कला, ४४ विकला आणि ४८ तत्परा इतकी बारीक केली.

सगळ्यांनी हाच आकडा घेतला असं नाही. वराहमिहिराची त्रिज्या १२०, ब्रह्मगुप्ताची एका ग्रंथात ३,२७० आणि दुसऱ्यात १५०. पण मला आर्यभटाचा आकडा जास्त आवडतो, याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात, १८७३ च्या सुमारास, इंग्रजीत ‘रेडियन’ हा शब्द छापून येऊ लागला. त्रिज्येएवढा कंस केंद्राशी जो कोन करतो, तो एक रेडियन. तो किती कलांचा? ३,४३८ ला किंचित कमी! रेडिअसवरून पाडलेल्या नव्या शब्दाच्या पोटात आपल्या त्रिज्येचा जुना आकडा निघाला. आर्यभटाला रेडियन माहीत होता असं मात्र कृपा करून कुठे पुढे पाठवू नका. त्याने माप एकच ठेवलं, आणि माप एक ठेवलं की हा आकडा येतोच.

ज्येचं पुढे काय झालं? जीवा अरबीत गेली, ‘जीबा’ झाली. अरबी लिपीत बरेचसे स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्यांनी ‘जैब’ वाचलं. जैब म्हणजे कपड्याचा छातीवरचा घोळ. हिंदीतला जेब म्हणजे खिसा, तो हाच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घोळाचं ‘सायनस’ केलं आणि त्याचं झालं साइन. आज आपली मुलं शाळेत साइन शिकतात. ती वेष पालटून परत आलेली ज्या आहे, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. आणि ज्या गेली म्हणून त्रिज्या पोरकी झाली. वर्तुळाच्या धड्यात जीवा आहे, त्रिज्या आहे, पण दोघींचं नातं दाखवणारा मधला शब्द नाही. त्या मुलीला उत्तर मिळालं नाही ते यामुळे. अर्थात माझ्या अज्ञानामुळेही.

उलट बाजूने आराही आपल्याकडे आलाय. जीवशास्त्रात तारामाशाच्या शरीराला ‘अरीय सममित’ म्हणतात, तो अर म्हणजे चाकाचा आरा. किरणाच्या अर्थाचा रेडिअस तर नाक्यावर भेटतो. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये किरणं टाकणाऱ्या मूलद्रव्याला रेडियम म्हटलं, आणि आपण गाडीच्या नंबर प्लेटवर चमकणारी पट्टी लावणाऱ्या दुकानात जाऊन ‘रेडियम’ मागतो. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या वेळी चिठ्ठी पाठवणारे आज आले असतील, तर आधी त्यांनी विचारावं.